तिपेनेचा अंगठा

ब्लफ बंदरात माझं औषधांचं दुकान.
समोर एक बेट, मग बर्फापर्यंत नुसतं पाणी.
इथे काउंटरमागे उभी राहून
एकाच अंगठ्याविषयी पाच डॉक्टरांनी
काय काय लिहिलं ते मी वाचलंय.

पहिली चिठ्ठी रात्री तीनची, इन्व्हरकार्गिलच्या इमर्जन्सीतली.
प्रेडनिसोन, पाच दिवस. भरपूर पाणी प्या.
पाणी!
तेवीस वर्षं हा माणूस ऑयस्टरच्या बोटीवर.
घरी जाऊन त्यानं पावलावर रिकामा क्रेट उपडा घातला
आणि त्यावरून पांघरूण ओढलं,
पांघरुणाला अंगठ्याचा पत्ता लागू नये म्हणून.

हाडांच्या डॉक्टरनं सांध्यात सुई घातली.
पू नाही ना, एवढंच त्याला बघायचं होतं.
काचेखाली सुयाच दिसल्या, बारीक, चमकणाऱ्या.
‘सुईनं सुया शोधल्या,’ तिपेने म्हणाला,
‘आणि मला तसाच घरी धाडला.’
चिठ्ठीच्या तळाशी होतं: कापण्यासारखं काही नाही.
जरा खट्टू होऊनच लिहिलं असावं.

हृदयवाल्याची लघवीची गोळी आधीपासून चालू.
तिनं घोटे उतरले, दम थांबला,
रक्तातलं युरिक ॲसिड मात्र चढलं.
मी फोन करून विचारलं.
‘हृदय की अंगठा?’ म्हणाला.
तो काही प्रश्न नव्हता.

मूत्रपिंडाच्या बाईंची एकच ओळ, ठळक अक्षरांत:
आयबुप्रोफेन बंद. कायमचं.

आणि डनेडिनहून महिन्यातून एकदा येणाऱ्या
सांध्यांच्या डॉक्टर स्ट्रॅकन.
त्यांनी अंगठ्याकडे पाहिलंच नाही आधी.
कानाची पाळी चाचपली, कोपर चाचपलं.
‘खडू साठलाय,’ म्हणाल्या.
ॲलोप्युरिनॉल, पन्नासपासून,
दर महिन्याला थोडं वाढवत,
सोबत पहाऱ्याला कोल्चिसिन.
‘तुमच्या घराण्याची मूत्रपिंडं हे ॲसिड हातचं राखून ठेवतात.
बिअरचा दोष थोडा, आजोबांचं देणं जास्त.’

आजोबा!
दर शरदात काठी टेकत तीतीच्या बेटावर जायचे,
आणि धक्क्यावरचे लोक हसायचे,
बघा, राजेसाहेब निघाले.
हे ऐकलं तेव्हा तिपेने बराच वेळ
स्वतःच्या पायाकडे बघत होता म्हणे.

तीन आठवड्यांनी बाटली परत आली.
काउंटरवर आदळली त्यानं.
‘हिनंच केलंय. होतं त्याहून वाईट.’
सुरुवातीला पुन्हा ठणकेल, सोडू नका,
हे स्ट्रॅकनबाई बोलल्या होत्या,
पण तोवर तो आजोबांपाशी पोचला होता.

मी चिठ्ठ्यांची फाइल काढली,
एकेक कागद उलटत गेले,
आणि त्या ठळक ओळीवर थांबले.
अकरा वर्षं
दर शनिवारी वर्तमानपत्राबरोबर
आयबुप्रोफेनची पट्टी त्याच्या हातात कोणी दिली?
काही विचारलं नाही, काही लिहिलं नाही.
चिठ्ठी नव्हती, म्हणून मी स्वतःला
उपचार करणाऱ्यांत कधी मोजलंच नाही.

काउंटरची फळी उचलून बाहेर आले,
बाकावर त्याच्याशेजारी बसले.
आधी ते सांगितलं. तो काही बोलला नाही.
मग म्हटलं, घरात काच फुटली,
आणि झाडताना एखादा तुकडा तळव्यात गेला,
तर झाडू फेकून देतोस का?

तो खिडकीतून बोटींकडे बघत राहिला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
‘काय नाव म्हणालीस झाडूचं?’

एप्रिलमध्ये दोन महिन्यांच्या गोळ्या
जॅमच्या बरणीत भरून तो बेटावर गेला.
जूनमध्ये आला तो खारवलेल्या तीतीची बादली घेऊन.
‘तुझ्या घरी. मी यंदा अर्धाच खाल्ला.’
अर्धा म्हणजे पक्षी की अर्धी बादली,
मी विचारलं नाही.
रक्ताचा कागद छापून घेत होते,
आकडा उतरलाय, अजून थोडा उतरायला हवा.
तो ऑयस्टरच्या भावावरून कुरकुरत उभा होता,
ओल्या फरशीवर,
दोन्ही पायांत गमबूट.