रिटर्न धरून

बाबांना विचारलं, दोन दिवस काढून
चोर्ला चढू, बेळगावात झोपू,
चंदगडवरून आंबोली उतरू,
पत्रादेवीला परत गोव्यात. कुठला महिना बरा?
त्यांनी चार बोटांची बारा पेरं पुढे धरली
आणि अंगठ्याने एकेक खोडत गेले.

जानेवारी जत्रांचा. लोक रात्री दोनला सुटतात,
कुणीतरी घरी सोडायला हवं.
फेब्रुवारीत कार्निव्हल, मार्चात शिगमो
आणि दहावीची मुलं,
ज्यांची बस नेमकी गणिताच्या पेपरला चुकते.
एप्रिल लग्नांचा. मे चाकरमान्यांचा:
"एक पिशवी टाकीवर, एक मागच्याच्या मांडीवर,
फणस असला तर पाच रुपये वर."
पावसात घाटाचं नाव काढायचं नाही.
चवथीला माटोळीचं सामान.
ऑक्टोबर गाडीचा, क्लचप्लेट, पासिंग,
पुढच्या मडगार्डला नवा पिवळा रंग.
राहिले नोव्हेंबर-डिसेंबर. त्यावर ते नुसते हसले.
सीझनात कोण फिरायला जातो, गे?

आमच्या घरात सीझन हा शब्द
शर्टाच्या वरच्या खिशात राहायचा.

एकतीस वर्षं म्हापशाच्या स्टँडवर पायलट
आणि सर्वांत लांबचं भाडं दाबोळीचा विमानतळ.
विमान पाहिलंत का?
"थांबलं की पार्किंगचे पैसे पडतात."

शिवोलीचा गॅरेजवाला फ्लोरियान म्हणाला,
पाऊस गेल्यावर महिनाभर थांब,
शेवाळ वाळू दे, खड्डे बुजू दे.
ऑफिसातली मुलं म्हणाली, जुलै. धबधबे. व्हिडिओ भारी येतात.
सगळ्यांचंच बरोबर. पण शेवटी महिना ठरवला
पेडण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी.
मोतीबिंदूनंतर सहा आठवडे
धूळ नको, वारं नको.
म्हणजे अकरा फेब्रुवारी. बुधवार.

पहाटे त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
टायर अंगठ्याने दाबले
आणि सवयीने पुढे बसले.
मी काही बोलले नाही. स्टँड काढताना
गुडघाच बोलला.

मागे कसं बसतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.
हात मांडीवर, मग कॅरियरला, मग माझ्या खांद्यावर,
अस्नोड्यापर्यंत प्रयोग चालले.
डिचोलीत माझा इंडिकेटर लुकलुकत असताना
त्यांनी उजवा हात लांब केला
आणि मागच्या सगळ्या जगाला कळवलं, वळतोय.
मी ब्रेक दाबला की त्यांचाही पाय दाबायचा,
फूटरेस्टवर, फुकट.

केरीच्या पुढे धुकं. काजू फुलल्याचा
गोडूस, जरा कडसर वास.
एक डोळा नवा होता,
म्हणून मैलाचे दगड मोठ्याने वाचत होते.
वरून बेळगावची भाजी उतरत होती,
कोबी, मिरची, फ्लॉवर, ताडपत्री फडफडत.
"ह्या गोणी मी वाहिल्यात गे," कानाशी ओरडले,
"दर शुक्रवारी. कुठून येतात
ते आज बघतोय."
त्यानंतर प्रत्येक ट्रकला हात केला.
दोघांनी उलट हॉर्न दिला.

माथ्यावर टपरी.
माझी बोटं क्लचवरून सुटेनात.
म्हटलं, महिना चुकलाच, स्वेटर हवे होते.
बाबांनी हेल्मेट काढून कमरेशी धरलं
आणि दरीकडे बघत राहिले.
चहा आला, साय धरली,
कपातली माशी आम्ही काढली, तरी बघत राहिले.
थांबण्याचे इथे कुणी पैसे घेत नव्हतं.

मग वरच्या खिशात हात घातला
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"कितले जाले?"

"रिटर्न धरून?"

"ना," म्हणाले. "रिटर्नचं मागीर बघू."