अक्षरागणिक

मी आमारो सिल्वेरा. सॅन होजेत पाट्या लावतो.
लावतो जवळजवळ तितक्याच उतरवतो.
दर अक्षरागणिक. शिडीचे वेगळे.
रातोरात नाव बदलायचं असेल तर दीडपट.

विमानतळामागच्या त्या दुमजली इमारतीवर
अठ्ठावीस वर्षांत मी सहा नावं चढवली.
पहिलं साधं होतं : मालकाचं आडनाव,
आणि खाली, शाळांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं.

मग आडनावापुढे एक टिंब आलं, टिंबापुढे तीन अक्षरं.
टिंबाचे मी अख्ख्या अक्षराइतके पैसे लावले,
कुणी घासाघीस केली नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे नावांतले स्वर गळाले.
मी कागद उलटासुलटा करून पाहिला,
म्हटलं, पोरा, काना-मात्रा घरी विसरलास का?
तो म्हणाला, आता असंच लिहितात.
माझं तीन अक्षरांचं नुकसान झालं.

ढग आला तेव्हा खोऱ्यात तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं.
नऊ फुटी ढग, आतून दिवे,
चढवताना माझा खांदा निखळला.
त्याच्या जागी साखळी आली. कशाची साखळी, विचारलं,
तर तिघांनी तीन उत्तरं दिली
आणि चौथ्याने टी-शर्ट दिला.
टी-शर्ट चांगला आहे. शिडी पुसायला अजून वापरतो.

दर वेळी ल्युद्मिला बाहेर येते,
हातात थर्मास, गाडीच्या बॉनेटला टेकून वर बघते.
‘आमारो, आज मी कोण?’
मी वाचून दाखवतो.
ती मान हलवते आणि आत जाते,
त्याच खिडकीपाशी, त्याच प्रोग्रामपाशी.

एकदा विचारलं, नाव बदललं, आत काय बदललं?
म्हणाली, एका ओळीत चुकीचा स्वल्पविराम होता,
एकोणीस वर्षं. काल सापडला.
मोडेस्टोच्या बावीस मुली आता थांब्यावर
अकरा मिनिटं कमी कुडकुडतील.
याची पाटी करशील?
मी म्हटलं, अक्षरं फार होतील.
ती इतकी हसली की चहा सांडला.

माझे वडील कॅनरीत पेट्यांवर लेबलं डकवायचे.
तीही खोटारडीच : जिथे डोंगर नाही तिथे डोंगर,
सूर्य परातीएवढा,
आणि ‘जगात सर्वांत गोड’, सहा रंगांत.
पण खिळे उपटले की आत जर्दाळू निघत.
डागाळलेले, एखादा आंबट,
पण जर्दाळू.

यंदा दोनच अक्षरं हवी आहेत सगळ्यांना.
माझ्याकडचे ए संपले, आय संपले,
परवा एका एचचा आडवा दांडा कापून
मी दोन आय केले.
क्यू धूळ खात पडलेत. त्यांचाही काळ येईल,
मी काही फेकत नाही.

मॅनेजर खालून ओरडला, भोकं पाडू नका,
दुतर्फी टेप चालेल.
तेवीस-चोवीसचा असेल, नवे बूट. माणूस वाईट नव्हता.
मी टेप लावली.

शिडीवरून भिंत जवळून दिसते.
इथल्या उन्हाला एक नाव उमटवायला
सहा-सात वर्षं लागतात :
अक्षराखालचा रंग तेवढा शाबूत राहतो, बाकीचा विटतो.
ते पहिलं आडनाव अजून आहे,
तिरप्या उन्हात बोट फिरवून वाचता येतं.
मधली चार उन्हाला लागेपर्यंत टिकली नाहीत.
नुसती भोकं, माझ्याच हातची, माझ्याच लांबीने बुजवलेली.

तीन वाजून दहा मिनिटांनी पिवळी बस वळणावर आली.
दोन पोरं उतरली, एकाचा एक बूट बसमध्येच राहिला,
ड्रायव्हर तो द्यायला खाली उतरली.
तिने वर पाहिलं नाही.
वर खिडकीत ल्युद्मिलाने घड्याळ पाहिलं.

मी खाली आलो. बिल लिहिलं :
अक्षरं दोन.
शिडीचे वेगळे.