कळ

पंचावन्न अंशांवर तापलेली पाटी,
भोवती काचेचं कडं, माझ्या मुठीत घड्याळ.
उंदीर सोडला की कळ दाबायची.
त्यानं मागचा पाय उचलून चाटला
की पुन्हा कळ दाबायची.
पंधरा सेकंद झाले, की चाटो न चाटो,
उचलून घ्यायचा. नियम भिंतीवर लावलाय.
बटण म्हणजे कळ आणि ठणका म्हणजेही कळ,
हे मी एकदा ढाणे मॅडमना बोललो.
त्या हसल्या. मग म्हणाल्या, मुलाणी, आकडा सांगा.

नुसतं पाणी पाजलेले: चार, साडेचार, चार.
मुकी पाजलेले: नऊ. अकरा. साडेदहा.

मुकी हे वेलीचं नाव,
कोयनेच्या वरच्या अंगाला, झोऱ्यांच्या धनगरवाड्यावर.
बाटलीवरच्या चिठ्ठीत दुसरं आहे, लांबलचक,
ते हाक मारायच्या कामाचं नाही.
ठकूबाई झोरे मुळ्या आणते
कुंभ्याच्या पानांत बांधून,
पाटणला गाडी बदलते,
कऱ्हाडच्या स्टँडवरून कॉलेजपर्यंत चालत येते,
आणि उंदरांच्या खोलीच्या दारात चपला काढते.
काढू नका म्हटलं तरी काढते.

अकराचा आकडा आला त्या दिवशी कंदी पेढे वाटले.
मी दोन खाल्ले.

मग अठ्ठावीस दिवसांची चाचणी.
रोज तोच डोस, वाढवलेला.
सहा नंबर, शेपटीवर पिवळा ठिपका,
उचलला की दर वेळी माझ्या हातमोज्यात मुतायचा,
त्यानं एकोणिसाव्या दिवशी खाणं सोडलं.
उघडला तेव्हा यकृत
जुन्या गुळाच्या रंगाचं.
मॅडमनी तीनदा पाहिलं. दिवा हलवून पाहिलं.
पेढ्यांचा रिकामा खोका अजून खिडकीतच होता.

ठकूबाई आली तेव्हा त्यांनी विचारलं,
मावशी, तुम्ही किती देता?
तिनं अंगठ्याचं नख दाखवलं.
"एवढं. तीन दीस.
चवथ्या दिशी दुखलं तर दुखू द्याचं."
का?
"चवथ्या दिशी ती कायतरी मागाय लागती."

पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत,
असं मॅडम म्हणाल्या नाहीत.
त्यांनी पहिल्या दिवसाचा छापील अर्ज काढला,
पुरवठादाराचं नाव, गाव, वजन, दर.
उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

मग तिच्या नखावर मुळीची पूड घेऊन
काट्यावर टाकली.
मग स्वतःच्या नखावर. मग माझ्या.
तीन वजनं, तिन्ही वेगळी,
माझं सगळ्यात जड.
ठकूबाई काट्याकडे बघत राहिली,
लाल आकडे थरथरत होते,
"ह्याला ठरंना व्हय," ती म्हणाली.

माझ्या टाचेत नऊ वर्षं एक खिळा आहे,
दिवसभर उभं राहण्याचा.
फ्रीजमध्ये तपकिरी अर्क आहे,
आणि फ्रीजची किल्ली माझ्याकडे असते.
एकदा बाटलीचं झाकण उघडून वास घेतला होता:
ओल्या गोणपाटासारखा. परत लावलं.

संध्याकाळी मॅडमनी नवी वही आखली.
मात्रेच्या रकान्यात आधी 'नख' लिहिलं,
खोडलं,
खाली तीन वजनं लिहिली.
चौथ्या दिवसापुढे रेघ.
सोमवारी नवे उंदीर येतील, अठरा,
त्यांच्यासाठी मी पिंजरे धुऊन पालथे घातले.
पाटी बंद केली. निवायला वेळ लागतो तिला.
किल्ली टेबलावर, वहीवर ठेवली
आणि जिना उतरलो,
एकेका पायरीवर
जरा कळ काढत.