वगारीचा कौल

चिमठाण्याच्या वर, जिथं बुराई नुसती वाळू वाहते,
तिथं माझं दीड बिघं मुरमाड.
मूठ भरली तर खडेच येतात,
माती मागून घ्यावी लागते.

इथं चाऱ्याची चवळी पेरणार म्हटल्यावर
हिलालआबा खाटेवरूनच हसले,
"ढोरेस्ले चवळी? कडबा कमी शे का?"
कडबा होता.
कडब्यानं पोट भरतं, चरवी भरत नाही.
हे त्यांना म्हशीनं सांगितलं असतं,
त्यांनी तिला कधी विचारलं नाही.

आखाजी झाल्यावर सुतळी धरून चार पट्टे आखले.
पहिल्याला काहीच नाही, त्याचं नशीब.
दुसऱ्याला सुपर फॉस्फेट,
राखेच्या रंगाचं, मुठीत कुरकुरणारं.
तिसऱ्यावर धुडकू ठेलारीच्या मेंढ्या बसवल्या तीन राती
(दोन पायल्या बाजरी,
आणि त्याच्या पोरीनं मागून घेतलेली माझी जुनी छत्री).
चौथ्यात दोन्ही.

युरियाचं पोतं आबांनी स्वतः आणून टेकवलं बांधाला.
मी त्याची शिवण उसवली नाही.
आयती पंगत मिळाली
की मुळं आपली चूल पेटवत नाहीत.

बियाण्याला गुळाचं पाणी लावलं,
त्यावर जिवाणूंची काळी पूड चोळली,
परात सावलीत सरकवली.
नातवानं दोन दाणे तोंडात टाकले आणि थुंकले,
"गोड शे, पन माती शे."
बरोबर ओळखलंस, बाबा.

श्रावणात एकवीस दिवस आभाळ पांढरं.
पहिला पट्टा बसून राहिला,
शेवटची बस गेल्यावर थांब्यावर बसतात तसा.
दुसरा उठायचा, आणि दुपारी मान टाकायचा.
जेवण होतं, पाणी नव्हतं.
तिसऱ्याच्या बुडात बोट घातलं
तर बोटाला गारवा लागायचा.
चौथा माझ्या गुडघ्याच्या वर गेला.
त्याला मोजायला वाकावं लागलं नाही,
माझ्या कमरेवर तेवढेच उपकार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी
वगार दावं तोडून सुटली.
पहिला पट्टा हुंगला, शिंकली.
दुसऱ्यात एक घास.
मग चौथा ओलांडून, माझ्यादेखत,
तिसऱ्यात शिरली ती शिरलीच.
माझ्या वहीत चौथा पहिला,
तिच्या जिभेवर तिसरा.
का, ते मला अजून उमगलेलं नाही.
वहीत तसंच लिहून ठेवलं आहे.

तिला ओढून आणताना चौथ्यातलं एक झाड उपटून आलं.
मुळांवर गाठी, राळ्याएवढ्या, काही मुगाएवढ्या.
एक नखानं चिरली.
आत गुलाबी.
आबांनी चष्मा पुसला, परत लावला.
"हाई रगत शे?"
म्हटलं, तसंच काहीतरी.
जमिनीला भरत असेल अजून.

ते काही बोलले नाहीत.
दिवेलागणीला पोतं बांधावर नव्हतं,
आणि जेवताना, भाकरी मोडता मोडता,
माझ्याकडे न बघता,
"धुडकून्या मेंढ्या आते कोठे शेतस?"