बाकी

आर्मास,
तुझं यंत्र अजून चालू आहे
तळघरात, लिंगोनबेरीच्या बरण्यांशेजारी.
मी त्याच्यावर मोजे वाळवते.
विजेचं बिल बघून इर्या म्हणते, आई, बंद कर ते आता.
मी म्हणते, सत्त्याण्णव टक्के झालंय.

काल्लावेसी काठाकाठाने गोठायला लागलंय.

वखारीत ओंडके मोजायचास तेव्हा
बारा आले की खूश असायचास:
तीन चोक बारा, बे सक बारा, कशीही रास लाव.
तेरा आले की कपाळाला आठी.
"एक नेहमी बाहेर राहतो, ट्यूने,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतो."
आणि निवृत्त झाल्यावर
त्याच बाहेरच्या ओंडक्यामागे लागलास.

बटाटे सोलता सोलता सांगितलंस:
एक घे, दुप्पट कर, परत दुप्पट,
असं तेरा कोटी आणि वर काही लाख वेळा,
मग त्यातून एक काढून टाक.
यंत्राच्या लिपीत तो नुसते एक,
एकाला खेटून एक,
शून्याला पाय ठेवायला जागा नाही.
"आणि काढलेला एक परत घातला तर?"
तू सुरी खाली ठेवलीस.
"हातचा एक. हातचा एक. हातचा एक.
सगळे ओळीने शून्य होत जातात
आणि पार पलीकडे, जिथे कुणीच नव्हतं,
तिथे एकटा एक उभा राहतो."
त्या दिवशी बटाटे करपले.

घातांक मूळ असून भागत नाही, म्हणायचास.
अकरा बघ, किती सरळ.
पण अकरा वेळा दुप्पट करून एक काढलास
की दोन हजार सत्तेचाळीस,
आणि तो तेवीस नि एकोणनव्वदमध्ये
निमूट वाटला जातो.
म्हणून ही परीक्षा.
चारापासून सुरुवात. वर्ग कर, दोन वजा कर,
त्या अजस्र आकड्याने भाग, बाकी ठेव.
बाकीचा वर्ग. वजा दोन. भाग. बाकी.
शेवटच्या फेरीला बाकी शून्य आली,
तरच तो कुणाचा नाही.

मंगळवारी पहाटे उत्तर आलं.
शून्य नाही.
अक्षरं आणि आकडे मिसळलेली
एक विस्कटलेली ओळ.
म्हणजे भाग जातो.
कशाने, ते यंत्र सांगत नाही.
मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.
कुठेतरी दोन आकडे आहेत,
एकमेकांना गुणले की हाच होणारे,
आणि त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत.
आहेत, एवढंच सिद्ध झालंय.

तुझ्या दाखल्यावरही डॉक्टरीणबाईंनी
वेळ मिनिटासकट लिहिली होती.
कारणाचा रकाना कोरा.
मी तेव्हा भांडले होते तिच्याशी.

खाली पडद्यावर विचारलं होतं:
पुढचा घातांक घ्यायचा?
इर्याला अजून काही सांगितलेलं नाही.
मी बटण दाबलं.
पुन्हा चारापासून.

मोजे अजून ओले होते.