सहावं रीळ

सिनेमाचं नाव मला आठवत नाही.
पोस्टर बेकरीच्या भिंतीवर होतं, पण अर्धं नाव
सर्कशीच्या जुन्या हत्तीखाली दबलेलं.
धुकं मात्र आठवतं.

पाचुकाच्या वर, चांदीच्या खाणींच्या आमच्या गावात
धुक्याचं कुणाला काय कौतुक!
पडद्यावर ते उतरलं तेव्हा लोक हसले,
"अरे, हे तर आपल्याच गल्लीत काढलंय!"
आणि छपराच्या फटीतून खरंखुरं आत शिरलं
तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही.

मशीन माझे वडील चालवायचे, एर्मिलो.
मी त्यांच्या पायाशी,
मांडीवर गरम पास्ते, बटाटा-खिम्याची,
भिंतीतल्या चौकोनी भोकाला एक डोळा लावून.

व्हँपायर काही देखणा नव्हता.
कोटाची बाही आखूड,
दात इतके मोठे की बिचाऱ्याला
'स' म्हणता येईना.
वटवाघूळ तारेवर लटकलेलं, तार लख्ख दिसत होती,
तरी टांगणीला जीव आमचाच.

तो उंबऱ्याशी येऊन थांबला.
बोलावल्याशिवाय आत येत नाहीत म्हणे, त्यांची रीत.
बायका श्वास धरून,
रात्रपाळीचे खाणकामगार मांडीवर दिवे धरून,
आणि पहिल्या रांगेतून विधवा ओब्दुलियाचा आवाज,
अगदी शेजाऱ्याला म्हणावं तसा,
"या ना आत, बाहेर गारठा किती आहे."

थिएटर असं फुटलं हसून
की वडिलांना दोन मिनिटं मशीन थांबवावं लागलं.
ओब्दुलिया हसली नाही.

मग तळघर. शवपेटी.
तरुण नायक, हातात खुंटा,
हातोडा वर, आणखी वर,
आणि पडदा पांढरा.

सहावं रीळ आलंच नव्हतं.
बसवाल्यानं ते चुकून तुलान्सिंगोला नेऊन टाकलं.
वडील झोताच्या आड उभे राहिले, टोपी हातात,
त्यांची सावली पडद्याएवढी.
"उद्या येईल," म्हणाले.

उद्या आलं नाही.
बेकरीवाला वेन्सेस्लाओ रोज नवा शेवट सांगायचा,
पाव घेणाऱ्याला मोठा, उधारीवाल्याला छोटा.
खाणीतले म्हणायचे, मरेल कसला तो,
आमच्याच फुफ्फुसांसारखा हळूहळू जाईल.
आणि धुक्याच्या रात्री ओब्दुलिया
दाराला कडी घालत नाही,
असं म्हणत सगळेच, बघितलं कुणीच नव्हतं.

परवा, राजधानीत, पासष्टाव्या वर्षी,
एका संग्रहालयाच्या छोट्या खोलीत
मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. सहाही रिळं.
आम्ही सात जण होतो, एक झोपलेला.
हातोडा वर गेला, आणखी वर,
आणि यावेळी पडदा पांढरा झाला नाही.
त्यानं डोळे उघडले.
खुंट्याकडे नाही, खिडकीकडे बघत विचारलं,
"शकाळ झाली?"

सगळे हसले.
मला मात्र रुमाल सापडेना.

घरी येऊन वडिलांची वही काढली.
जांभळी शाई, थिएटर बंद पडलं त्या वर्षापर्यंत
दर महिन्याला न चुकता एकच ओळ:
सहावं रीळ. येणे बाकी.

पेन हातात घेतलं होतं,
'पोचलं' लिहायला.
झाकण लावून ठेवून दिलं.