बाजू दोन, गाणं पाचवं

ग्रिम्सबीच्या धक्क्यामागे, जाळी विणायच्या जुन्या माडीवर
आम्ही ती शेवटची रेकॉर्ड केली.
शेवटची आहे, असं कुणी म्हणालं नव्हतं.
फक्त एल्विननं या वेळी
स्वतःचा मग घरून आणला नाही,
आणि ते मी पाहिलं होतं.

आधीच्या सहा रेकॉर्डी म्हणजे नुसती आदळआपट.
बसच्या नंबरावरून नाव : नाइन्टीन बी.
हलमध्ये एकदा छताचं प्लॅस्टर खाली आलं,
तर लोकांनी तुकडे खिशात घालून नेले.
माझा उजवा पाय तेव्हा
कुणाच्या बापाला भीत नव्हता.

आता एल्विन हळू गायला लागला.
वाटलं, घसा बसलाय.
मग कळलं, बसलंय ते दुसरंच काहीतरी.
खलाशांचं चॅपल बंद पडलं, तिथून चौदा पौंडांना
तो एक पायपेटी घेऊन आला.
तिचा एक सूर अडकायचा,
बोट उचललं तरी मागे कण्हत राहायचा.
त्यानं तो दुरुस्त करू दिला नाही.
ड्यूईनं गिटारच्या दोन तारा काढल्या.
म्हणाला, यांचं बोलून झालंय.
पिंडर बेसवर एक सूर लावायचा
आणि खिडकीबाहेर बघत बसायचा,
जणू तो सूर बोटीनं येणार आहे.

आणि मी?
पहिल्या गाण्यात काठ्यांऐवजी ब्रश.
दुसऱ्यात मॉरीननं, आमच्या साउंडवालीनं,
ड्रमवर स्वतःचा ओव्हरकोट पांघरला,
तापातल्या पोराला पांघरावा तसा.
तिसऱ्यात हेरिंगचा रिकामा खोका, तळहातानं.
चौथ्यात खोकाही नको.
पाचव्याला एल्विन म्हणाला,
नेव्हिल, तू नुसता बस. पण बस.

बसलो.
कानांवर हेडफोन, मांडीवर काठ्या.
मोजत होतो. सवय.
मोजल्याशिवाय मला अजून जिनाही उतरता येत नाही.
जिथे सम यायला हवी होती,
तिथे पायपेटीनं तिला वळसा घातला
आणि पुढे निघून गेली,
उधारी थकलेल्यानं दुकानदाराला पाहून
रस्ता ओलांडावा तशी.

मी काठ्या खाली ठेवल्या.
स्टूल करकरलं.
पावलं सात. मग दार.

ते सगळं टेपवर आहे.
मॉरीन म्हणाली, कापू?
एल्विन म्हणाला, राहू दे.
लंडनच्या एका शहाण्यानं त्यावर दीड कॉलम लिहिला :
मृत्यूची पावलं, एका युगाचं बंद होणारं दार.
लीड्सच्या एका विद्यार्थिनीनं पत्र पाठवून विचारलं,
दार इतक्या जोरात का?
मी कळवलं, लाकूड फुगलं होतं,
ओढल्याशिवाय लागायचं नाही.
तिचं पुन्हा पत्र आलं नाही.

भांडण कुणाचंच झालं नाही.
करार संपला. ड्यूई वेल्सला गेला.
मी मासळीबाजारात रात्रपाळीला लागलो,
बर्फ फोडायचा, पहाटे साडेपाचपर्यंत.
बर्फाला ठेका असतो. तो सांगत बसत नाही.

आता कधीतरी गुरुवारी रेकॉर्ड लावतो.
चार गाणी टेबलावर हात चालतात,
तिथे, जिथे तेव्हा चालू दिले नाहीत.
वाईट नाही वाटत. बरंही होतं ते. एल्विनचं बरोबर होतं,
हे कबूल करायला मला एकोणीस वर्षं लागली.
पाचव्याला मात्र हात गुडघ्यांवर.
तो माणूस उठतो, सात पावलं चालतो,
दार ओढून घेतो,
आणि अडकलेला सूर एकटाच उरतो, सुई उचलेपर्यंत.

पुढचं टेपवर नाही.
मला भूक लागली होती.
बाहेर धुकं, कोपऱ्यावर दिवा लागलेला.
मी पाच पुड्या चिप्स घेऊन परत आलो, कोटाखाली धरून,
गार होऊ नयेत म्हणून.
मशीन बंद झालं होतं.
सगळे जमिनीवर बसून खात होतो,
आणि एल्विन म्हणत होता, व्हिनेगर जास्त झालंय.